नाव विचारू नये

कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटच्या दारावर वडिलांच्या नावाची पितळी पाटी होती. तिच्याखाली आईने स्वतःच्या हाताने लिहिलेला पुठ्ठा टांगलेला असे. ‘कावीळ औषध फक्त रविवारी, सूर्योदयाच्या आत. उपाशीपोटी यावे. पैसे देऊ नयेत. नाव विचारू नये. बेल एकदाच वाजवावी.’ आई जन्माने धायरीची, शेतकऱ्याची मुलगी. पण हा पुठ्ठा वाचून तिला कोणीही सदाशिव पेठेतली समजलं असतं.

‘नाव’ म्हणजे औषधाच्या झाडाचं नाव. ते तिला तिच्या मामांनी कानात सांगितलं होतं. मामांना त्यांच्या गुरूने, गुरूला आणखी कोणी. औषध पुढे ज्याला द्यायचं त्याच्या कानात नाव एकदाच सांगायचं. चारचौघांत उच्चारलं की झाडाचा गुण जातो. लहानपणी मला वाटायचं, गुण म्हणजे सोडावॉटरच्या बाटलीतल्या वायूसारखं काहीतरी असणार. झाकण उघडलं की फुस्स.

शनिवारी संध्याकाळी आई झाडाला अक्षता वाहून आमंत्रण द्यायची, “उद्या न्यायला येते.” रविवारी अंघोळ करून, कोणाशी एक शब्द न बोलता ते उपटायचं, पाट्यावर वाटायचं आणि गाईच्या ताकात कालवून रोग्याला पूर्वेकडे तोंड करून प्यायला द्यायचं. ओळीने तीन रविवार. तेल बंद, आणि पिवळं म्हणून हळदही बंद. वडिलांच्या जुन्या पांढऱ्या लेंग्यांच्या पट्ट्या फाडून ती रोग्याला द्यायची. सकाळच्या पहिल्या लघवीत पट्टी बुडवायची, वाळवायची आणि येताना घेऊन यायची. आई ती खिडकीशी धरून मागच्या रविवारच्या पट्टीशी ताडून बघायची. “आधी कापड उतरतं, मग डोळे, मग नखं,” असं ती प्रत्येकाला सांगे. तिसरं कापड फिकं झालं नाही तर ती रोग्याला खुर्चीवर बसूसुद्धा देत नसे. “दवाखान्यात जा. माझ्याकडे चौथा रविवार नाही.”

या एका वाक्यासाठी मला आजही तिचा अभिमान वाटतो. बहुतेक काविळी आपापल्या उतरतात, हे मला आता माहीत आहे. तिलाही आतून कुठेतरी माहीत असावं. पण जी उतरत नाही ती अडवून धरायची नाही, एवढी अक्कल तिच्यापाशी होती. माझ्यापाशी ती नव्हती, तेच सांगायला बसले आहे.

धायरीतलं तिच्या भावाचं शेत बिल्डरकडे गेलं, तेव्हा आईने बांधावरची माती दोन पोत्यांत भरून रिक्षाने घरी आणली. गॅलरीत एक जुनं घंगाळ होतं, त्यात ती ओतली. पावसाळा लागला तसं त्या मातीतून जे जे उगवायचं ते उगवलं: आघाडा, दुधी, माका, तरोटा आणि नाव माहीत नसलेलं आणखी बरंच. आईने एक काडी उपटली नाही. सगळ्या तणाला रोज पाणी. लोकांच्या गॅलऱ्यांत गुलाब आणि शेवंती, आमच्या गॅलरीत उकिरडा. सोसायटीच्या चेअरमनांनी एकदा विचारलंही, “वहिनी, साप कधीपासून पाळणार?” आई म्हणाली, “तुम्ही राहायला आलात की तेव्हापासून.” यातलं नेमकं कोणतं झाड औषधाचं, हे मलासुद्धा ठाऊक नव्हतं. म्हणून तर तिने एवढी गर्दी राखली होती.

वडील गेल्यावर आम्ही दोघीच उरलो. साल दोन हजारच्या कॉम्प्युटर-गडबडीनंतर ज्या कंपन्या पुण्यात पावसाळी छत्र्यांसारख्या उगवल्या, त्यातल्या एकीत मला नोकरी लागली. परदेशातल्या एका गिऱ्हाइकाला जगभरच्या औषधी वनस्पतींची वेबसाइट हवी होती. आम्ही सहा जण दिवसभर तक्ते भरायचो. झाडाचं शास्त्रीय नाव, वेगवेगळ्या भाषांतली नावं, कोणत्या देशात कशावर वापरतात, चित्र. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी तेच ते वाक्य चिकटवायचं, की ही माहिती म्हणजे वैद्यकीय सल्ला नव्हे, आपल्या डॉक्टरांना विचारावे. हे वाक्य मी किती वेळा चिकटवलं असेल कोण जाणे. बोटांना पाठ झालं होतं, डोक्यात काही गेलं नाही.

एक दिवस चित्र समोर आलं आणि मी खुर्चीत सरळ झाले. नाजूक फांदी, चिंचेसारखी बारीक पानं आणि पानांच्या खालच्या बाजूला ओळीने लटकलेली मोहरीएवढी फळं. हे मी घंगाळात पाहिलं होतं. खाली उपयोग लिहिले होते: दक्षिण अमेरिकेत मूतखड्यावर, चीनमध्ये डोळ्यांवर, आफ्रिकेत तापावर, भारतात काविळीवर. माझी आई जे नाव मनातही हळू घेत असेल, ते सतरा भाषांत लिहिलेलं होतं. मराठीचा रकाना रिकामा होता. तोही मी जराशा शोधाने भरला. मला फार मजा वाटली. पान रंगीत छापून मी घरी नेलं आणि दिवाणखान्यातल्या कपाटात ठेवलं. आईला दाखवावं की नाही, हे ठरत नव्हतं.

त्याच आठवड्यातल्या रविवारी हॉलमध्ये सात-आठ माणसं होती. शेजारच्या, मूळच्या वऱ्हाडातल्या काकू आपल्या भावाला घेऊन आल्या होत्या. “आमच्याकडे एरंडाचा पाला देतात, पण इथे तुमचंच नाव ऐकलं,” असं त्या म्हणत होत्या. त्यांच्या पलीकडे माझ्याच वयाचा, गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राची पट्टी तशीच घातलेला एक जण बसला होता. आईने वाटी पुढे केली तेव्हा त्याने ती घेतली नाही.

“आँटी, यात कंटेंट काय आहे? साइड इफेक्ट्स वगैरे?”

“नाव विचारू नये. बाहेर लिहिलंय,” आई म्हणाली.

तो हसला. काकूंच्या भावाकडे, माझ्याकडे, सगळ्यांकडे बघून हसला. त्या हसण्याची मला लाज वाटली. म्हणजे त्याची नव्हे, आमची. आपण कोणी अंगारे-धुपारे करणारी माणसं नाही, हे त्याला कळलंच पाहिजे असं मला वाटलं. मी कपाटातून ते छापलेलं पान काढलं आणि त्याच्यासमोर धरलं. “सीक्रेट काही नाहीये,” मी म्हणाले. आणि नाव घेतलं. मराठीत घेतलं, मग शास्त्रीय घेतलं, वर दक्षिण अमेरिकेत काय म्हणतात तेही सांगितलं.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. विश्वास बसला म्हणून नव्हे. एकदा उच्चारलं तेवढं पुरे झालं म्हणून.

आईने वाटी टीपॉयवर ठेवली. रागावली नाही. जमलेल्या माणसांकडे बघून म्हणाली, “औषध गेलं. सगळ्यांनी दवाखान्यात जा.” कोणाला काही उमगेना. काकूंनी विचारलं, “गेलं म्हणजे कुठे गेलं?” आई म्हणाली, “गेलं.” पातेल्यातलं ताक तिने गॅलरीत नेऊन घंगाळात ओतलं आणि येताना दारावरचा पुठ्ठा काढून आणला.

मी तिला पुष्कळ समजावलं. झाडात जे आहे ते रसायन आहे, ते नाव घेतल्याने कसं नाहीसं होईल, कागदावर छापलंय म्हणजे उलट तुझं खरंच आहे. ती ऐकून घ्यायची. एकदाच काय ती उसळली, आणि उसळली की तिची धायरी बाहेर यायची. “गेलं म्हंजे गेलं. आता काय हाय त्याच्यात? पाला हाय!” त्यानंतर विषय निघाला नाही. रविवारी ती नेहमीच्या वेळेला उठून, अंघोळ करून, हॉलमध्ये बसून राहायची. बेल वाजत नसे. घंगाळाला पाणी मात्र रोज घालायची. कशाला घालते, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही. तिच्या आयुष्यातून मी काहीतरी काढून घेतलं होतं आणि ते परत कसं द्यायचं, हे कुठल्याही तक्त्यात नव्हतं.

अशी चार वर्षं गेली. मी कंपनी बदलली, पगार वाढला, आम्ही नवा फ्रिज घेतला. आणि एका पावसाळ्यात आईचे डोळे पिवळे झाले.

माझ्या आधी तिला कळलं होतं. मी लगेच डॉक्टरांना फोन लावायला उठले, तर तिने माझं मनगट धरलं. “आधी तीन रविवार. मग तू म्हणशील तिथे येईन.”

“पण तूच म्हणतेस ना, औषध गेलं?”

“माझ्या हातातून गेलं. आणि आपल्या हाताचं आपल्याला लागतही नाही.” मग म्हणाली, “तू दे. तुला नाव माहीत आहे.”

आज मी हे लिहिते तेव्हा मला दिसतं, की तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. हाताला धरून रिक्षात बसवायला हवं होतं. पण चार वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते तिने मला देऊ केलं होतं. तू दे, म्हणजे मी तुला माफ केलं. असंच मी ऐकलं आणि हो म्हणाले. ज्या मुलीने हजारदा ‘डॉक्टरांना विचारावे’ चिकटवलं होतं, तिने डॉक्टरांना विचारलं नाही.

शनिवारी संध्याकाळी मी झाडाला अक्षता वाहिल्या आणि उद्या न्यायला येते म्हणाले. मला हसू आलं नाही. रविवारी मुक्याने उपटलं, वाटलं, ताकात कालवलं. आई पूर्वेकडे तोंड करून बसली. वाटी मी तिच्या हातात दिली, आणि ती डोळे मिटून शहाण्या मुलीसारखी सगळं प्यायली. घरातली हळद मी डब्यासकट शेजारच्या काकूंकडे ठेवून आले. पांढरी पट्टी मी फाडून दिली. दुपारी आईने वाळलेलं पहिलं कापड दाखवलं. गडद, जवळजवळ चहाच्या रंगाचं.

दुसऱ्या रविवारचं कापड बरंच फिकं होतं. मी ते खिडकीशी धरून दोन-दोनदा बघितलं. “उतरतंय ना?” मी विचारलं. आई म्हणाली, “उतरतंय की. तुझ्या हाताला गुण आहे.” माझ्या आयुष्यात माझं इतकं कौतुक कोणी केलं नव्हतं. शाळेत पहिली येऊनसुद्धा नाही.

त्या आठवड्यात तिने मला मंडईमागच्या गल्लीत पाठवलं, काविळीवर देतात तो मकोयचा अर्क आणायला. तिथे काष्ठौषधी, अत्तरं आणि अर्क विकणाऱ्या एका चाचांचं दुकान होतं. तीन पिढ्यांचं. चाचांचे आजोबा हकीम होते. चाचा आणि आई एकमेकांकडे रोगी पाठवायचे. चाचांचा अर्क आईला चालायचा आणि आईचा रविवार चाचांना. धर्म, वैद्यक, सगळं वेगळं, पण पथ्य दोघांचं एकच.

चाचांनी बाटली काढली, कागदात गुंडाळू लागले आणि थांबले.

“बाईंना खाज येते का अंगाला?”

येत होती. दिवसभर ती पाठ भिंतीला घासत असे. मी हो म्हणाले. चाचांनी बाटली परत फळीवर ठेवली.

“मग ही नाही देणार. आमचे आजोबा सांगायचे, पिवळेपणाबरोबर खाज असेल तर शिशी द्यायची नाही, माणूस पुढे पाठवायचा. आजच दवाखान्यात न्या त्यांना.”

“पण चाचा, कापड उतरतंय.”

“कापडाचं मला माहीत नाही ताई. खाजेचं माहीत आहे.”

मी घरी येऊन आईला हे सांगितलं. ती म्हणाली, “अर्क संपला असेल त्यांचा. पावसाळ्यात अंगाला खाज येतेच.” आणि मी मान डोलावली. मला चाचांचं ऐकायचंच नव्हतं. ऐकलं असतं तर माझ्या हातचा गुण खोटा ठरला असता.

तिसऱ्या रविवारचं कापड जवळजवळ पांढरं होतं. नुसती पिवळसर झाक. मी आनंदाने रडले. डोळे अजून पिवळेच होते, किंबहुना जास्तच, पण डोळे मागाहून उतरतात हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. आधी कापड, मग डोळे, मग नखं. तिच्याच नियमाने ती बरी झाली होती. म्हणून दवाखाना राहिला. आणखी दोन आठवडे आम्ही डोळे उतरायची वाट बघितली. मग एका दुपारी तिला थंडी वाजून ताप भरला, दातावर दात आपटू लागले आणि मी रिक्षा बोलावली.

पित्ताच्या नळीच्या तोंडाशी गाठ होती. लिव्हरपर्यंत पसरलेली. तरुण डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली, अगदी आई कापड धरायची तशी, आणि विचारलं, “डोळे पिवळे होऊन किती दिवस झाले?” मी सांगितलं. “मग इतके दिवस काय करत होतात?” तेही सांगितलं. ते माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राच्या पट्टीकडे बघत राहिले. मी विचारलं, लवकर आणलं असतं तर? ते म्हणाले, “फार फरक पडला असता असं मी म्हणणार नाही. पडलाच नसता असंही म्हणणार नाही.” हे वाक्य घेऊन मी जगते आहे. त्यात उभं राहायलाही जागा नाही आणि पडायलाही नाही.

नळी घातली, थोडा पिवळेपणा गेला, मग परत आला. दिवाळीच्या आधी आई गेली. शेवटच्या आठवड्यात वऱ्हाडातल्या काकू भेटायला आल्या तेव्हा ती त्यांना क्षीण आवाजात सांगत होती, “हिच्या औषधाने कावीळ उतरली होती हो. कापड बघितलं ना आम्ही. हा आजारच निराळा निघाला.” काकूंनी माझ्याकडे बघून मान हलवली. मला तेवढाच आधार वाटला. निदान माझ्या हातांनी तिला काही तरी दिलं होतं.

तेराव्यानंतर घर आवरताना तिचा पत्र्याचा डबा सापडला. त्यात लेंग्याच्या कोऱ्या पट्ट्यांची गुंडाळी होती आणि निराळ्या कागदात तिच्या स्वतःच्या तीन पट्ट्या. पहिली, दुसरी, तिसरी. टाकून द्याव्यात असं वाटेना, ठेवाव्यात असंही वाटेना. तिच्या अंगाची ती शेवटची खूण होती, आणि तीसुद्धा आजाराची. म्हणून मी त्या धुवायला घेतल्या. मोरीत बसून, पिवळ्या वडीचा साबण लावून.

पहिल्या पट्टीचा रंग साबणाने विटत गेला. दुसरी चोळली तर ती लाल झाली. मला कळेना, बोटाला लागलं की काय. तिसरी घेतली. पांढऱ्याच्या जवळ आलेली, माझ्या आनंदाची. साबण लागताच तीही सगळी लाल होत गेली.

साबणाने लाल कशाचा डाग होतो हे शिकायला कोणत्याही मराठी बाईला शाळेत जावं लागत नाही. वरणाचा शिंतोडा पडलेली प्रत्येक साडी ते शिकवते. पण घरात हळद नव्हती. मीच डबा काकूंकडे ठेवून आले होते. मी ओल्या हातांनी उठले आणि देव्हाऱ्यापाशी गेले. हळदकुंकवाच्या करंड्याचं झाकण काढलं. कुंकू काठोकाठ होतं. हळदीच्या कप्प्याचा तळ दिसत होता.

म्हणजे दुसऱ्या रविवारीच तिला कळलं होतं. खरं कापड तिने कुठेतरी फेकून दिलं असणार, आणि देवाची चिमूटभर हळद पाण्यात कालवून माझ्यासाठी नवं रंगवलं. दुसरं फिकं, तिसरं त्याहून फिकं. इतकी वर्षं परक्या माणसांना ती तोंडावर सांगत आली, माझ्याकडे चौथा रविवार नाही. ते स्वतःला सांगायची वेळ आली तेव्हा माझं तोंड बघून ती गप्प बसली. नाव घेऊन मी गुण घालवला, या ओझ्याखाली मी राहू नये म्हणून.

घंगाळातलं झाड अजून दर पावसाळ्यात येतं. मी त्याला पाणी घालते, आमंत्रण देत नाही. त्या दोन पट्ट्या मी दोरीवर वाळत घातल्या होत्या. वाळल्यावर त्या परत पिवळ्या झाल्या.